माळव्याची अफू आणि कॅन्टनचे रुग्णालय

इंदूरच्या सराफ्याला वैभव देणारी माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे चीनमधील कॅन्टनला जात असे. तेथे अमेरिकेची रसेल आणि कंपनी चहाबरोबर अफूचाही व्यापार करी. कंपनीचा स्नेही, धनाढ्य चिनी व्यापारी हौक्वा याचे भांडवल पुढे जॉन फोर्ब्स यांच्यामार्फत अमेरिकन रेल्वेत गुंतवले गेले. १८३५ मध्ये अमेरिकन डॉक्टर पीटर पार्कर यांनी कॅन्टनमध्ये नेत्ररुग्णालय उघडले; त्यासाठी जागा दिली ती हौक्वानेच! व्यसन आणि उपचार एकाच पेठेत नांदत होते.

आजही मंदसौर-नीमचच्या शेतांत अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन बनते. तरीही आपल्याकडील अनेक कर्करुग्ण त्यावाचून वेदनेत तळमळतात. इतिहासाचे हे ऋण फेडण्यास आपण डॉक्टरांनीच पुढे यावयास हवे.