बर्फाळ प्रदेशातही फुलणारा कॅमेलिया

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात कॅमेलियाच्या झुडपांचा मोठा संग्रह होता. १९७६-७७ आणि १९७७-७८ अशा लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत कडाक्याची थंडी पडली आणि त्यातील बहुतांश झुडपे नष्ट झाली. 'लू शान स्नो' या झाडाला मात्र फारशी इजा झाली नाही. हे झाड चीनमधील कॅमेलिया ओलेइफेरा या जातीचे आहे. या जातीच्या बियांचे तेल चीनमध्ये स्वयंपाकात वापरतात. आपल्या परिचयाचा चहा हादेखील याच वनस्पतिवंशातला.

ओलेइफेराची फुले पांढरी आणि साधी असतात. अमेरिकी कृषी खात्यातील उद्यानतज्ज्ञ विल्यम अ‍ॅकरमन यांनी जपानच्या सासान्क्वा आणि हिएमॅलिस या रंगीत फुलांच्या कॅमेलियांशी तिचा संकर केला. त्यातून 'विंटर्स स्टार', 'पोलर आइस', 'स्नो फ्लरी' आदी वाण निर्माण झाले. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत फुलणारे हे वाण आडोशाच्या जागी उणे २३ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसू शकतात. उमललेली फुले अशा थंडीत करपतात. मिटलेल्या कळ्या मात्र बऱ्याचदा वाचतात आणि हवा सौम्य होताच उमलतात.

वाण काटक असला तरी जागा चुकल्यास तो टिकत नाही. कारण थंडीइतकाच धोका तहानेचाही असतो. जमीन गोठली की मुळांना पाणी शोषता येत नाही. पाने मात्र सदाहरित असल्याने ऊन आणि वारा त्यांतील ओलावा ओढून घेत राहतात. म्हणूनच तेथील जाणकार घराच्या उत्तरेची किंवा पश्चिमेची बाजू सुचवितात. पूर्वेकडील कोवळे ऊन आपल्याला सुखद वाटते. गोठलेल्या पानांना मात्र ते घातक ठरते.

लागवड वसंत ऋतूत करावी, म्हणजे मुळांना हिवाळ्यापूर्वी पूर्ण हंगाम मिळतो. माती आम्लधर्मी व निचऱ्याची हवी. खड्डा रुंद असावा, परंतु खोल नसावा. मुळांचा गोळा जमिनीपेक्षा किंचित वरच राहावा. त्याभोवती पाइनच्या पानांचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. उन्हाळा मध्यावर आल्यानंतर खत देणे थांबवावे, अन्यथा कोवळी फूट थंडीत सापडते. शरद ऋतू कोरडा गेल्यास जमीन गोठण्यापूर्वी भरपूर पाणी द्यावे. छाटणी फुलोरा संपल्यानंतर, वसंताच्या आरंभी करावी. पुढील हंगामाच्या कळ्या उन्हाळ्यातच धरत असल्याने उशिरा केलेली छाटणी फुलांच्या मुळावर येते.

पहिले दोन-तीन हिवाळे रोपांना गोणपाटाचा आडोसा करणे उत्तम. प्लास्टिक गुंडाळू नये. उन्हात ते आतून तापते. वसंतात झुडूप निष्पर्ण दिसले, तरी ते उपटण्याची घाई नको. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आतील भाग हिरवा असल्यास झुडूप जिवंत आहे आणि जूनपर्यंत त्याला नवी पालवी फुटू शकते.