जखमेवर आधी कोण पोहोचतं?

एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज बोलायचं आहे ते नासवणाऱ्या बुरशीबद्दल आणि तिची वाट अडवणाऱ्या सूक्ष्मजीवांबद्दल. शास्त्रज्ञ याला काढणीनंतरच्या रोगांचं जैविक नियंत्रण म्हणतात. मी शास्त्रज्ञ नव्हे. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये माझी नोकरी रसद पोहोचवण्यात गेली, त्यामुळे फळांची पेटी उघडताच येणारा तो कुबट वास मात्र चांगला ओळखीचा आहे.

उदाहरण सफरचंदाचं घेऊ. तुम्ही बडोद्यात असा, इंदुरात असा की हैदराबादेत, ते काश्मीर-हिमाचलातून लांबचा प्रवास करूनच तुमच्या ताटात येतं. २०२२ च्या सप्टेंबरात जम्मू-श्रीनगर महामार्गावर सफरचंदांचे हजारो ट्रक अडकले होते. बागायतदाराची वर्षाची कमाई अशा वेळी रस्त्यात उभी असते आणि पेटीच्या आत बुरशी तिचं काम करत असते.

ही निळी बुरशी, पेनिसिलियम एक्स्पान्सम, धडधाकट सालीतून सहसा आत शिरत नाही. तिला जखम लागते. तोडताना नख लागतं, एकाचा देठ दुसऱ्यात रुततो, ट्रकमध्ये साल खरचटते. एवढी फट तिला पुरते. मग फळ मऊ, पाणचट होतं आणि वर निळसर भुकटी धरते. ती भुकटी म्हणजेच तिचे बीजाणू, पुढच्या फळावर जायला तयार. कोल्ड स्टोअरमध्ये ती मंदावते, पण थांबत नाही. शून्य अंशालाही हळूहळू वाढते. शिवाय ती पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, असा आपल्याकडेही नियम आहे. तेव्हा सडकी फळं ‘ज्यूसला चालतील’ म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

यावर थायाबेंडाझोलसारखी बुरशीनाशकं वापरली जातात. पण वर्षानुवर्षं तेच औषध मारलं की त्याला दाद न देणाऱ्या बुरश्या तयार होतात, आणि तशा झाल्याही आहेत.

आता जैविक उपाय. १३ एप्रिल १९८४ ला आपल्या जवानांनी सियाचीन भागातली बिलाफोंड ला ही खिंड समोरचा पोहोचण्याआधी ताब्यात घेतली. उंचीवर जो आधी बसतो, त्याला उठवणं फार महाग पडतं. फळाच्या जखमेतही तेच चालतं. योगायोग असा, की त्याच १९८४ साली अमेरिकेत प्युसी आणि विल्सन यांनी बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वापरून पीचसारख्या फळांची तपकिरी कूज रोखता येते, हे दाखवलं. पुढे यीस्टवर भर आला. निरुपद्रवी यीस्ट जखमेत पडलं की भराभर वाढतं, तिथली साखर फस्त करतं, जागा व्यापतं. बीजाणू रुजायला आला तर त्याला दाणापाणीच उरत नाही. मेट्श्निकोविया नावाचं यीस्ट तर आसपासचं लोह बांधून ठेवतं, आणि लोहाशिवाय बुरशीचं चालत नाही. एका अर्थी हीदेखील रसद तोडण्याचीच लढाई.

‘म्हणजे जंतू लावलेलं फळ खायचं?’ असं काही जण विचारतील. हे जीव बहुतेक वेळा फळांच्या सालीवरूनच शोधून काढलेले असतात, म्हणजे ते आपण आधीपासून खातोच आहोत. निवड करताना ते विष तयार करत नाहीत ना आणि ३७ अंशाला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, वाढत नाहीत ना, हे पाहतात.

मात्र ‘आता रसायन विसरा’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये अ‍ॅस्पायर हे यीस्ट आणि बायो-सेव्ह हा जिवाणू यांना मान्यता मिळाली. अ‍ॅस्पायर पुढे बाजारात टिकलं नाही. जिवंत माल जपून ठेवावा लागतो, एका मिलिलीटरला कोट्यवधी पेशी लागतात आणि गुण प्रत्येक वेळी सारखा येत नाही. खाण्याचा सोडा, गरम पाणी किंवा बुरशीनाशकाची कमी मात्रा सोबत दिली की काम जास्त भरवशाचं होतं.

आणि उशीर झाला की यीस्टचा उपयोग नाही. आंब्याचा करपा घ्या. ती बुरशी फळ झाडावर कोवळं असतानाच सालीत घुसून गप्प बसते. आंबा पिकू लागला की काळे डाग दिसतात. शत्रू आत मुक्काम ठोकून बसल्यावर वेशीवर पहारा बसवून काय होणार? तिथे साधारण ५२ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं आंबे बुडवणं जास्त कामी येतं, कारण उष्णता सालीखालच्या बुरशीपर्यंत पोहोचते.

घरातल्यांसाठी एक गोष्ट. चालुत्झ आणि विल्सन यांनी १९९० मध्ये लिंबूवर्गीय फळांवर पाहिलं, की धुऊन वाळवलेली फळं न धुतलेल्यांपेक्षा लवकर कुजतात. धुण्याबरोबर सालीवरचे राखणदारही जातात. तेव्हा बाजारातून आणलेली संत्री-मोसंबी धुऊन टोपलीत रचू नका. खरचटलेली आधी बाजूला काढून संपवा, बाकीची खायच्या वेळी धुवा.