भिंतीतील भोके, भेगा आणि पुट्टी



यंदा वर्गखोल्यांना रंग द्यावयाचा आहे. रंगाच्या खर्चाला कोणाची हरकत नसते, परंतु पुट्टी, घिसाई व त्यासाठीच्या चार दिवसांच्या मजुरीचा आकडा दिसला की "हे एवढे कशाला?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर म्हणून हा लेख. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा भाषेत उणे-अधिक झाल्यास सांभाळून घ्यावे. तसे शब्दही गावागणिक बदलतात. पुण्या-मुंबईचा रंगारी जिला 'लांबी' म्हणतो ती आपली पुट्टी, आणि तिकडचा पॉलिश पेपर म्हणजे आपला रेगमाल.

१८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली व लष्कर वसले. कंपू हे नावही छावणीचेच. त्यामुळे आपल्याकडे जुन्या घरांच्या भिंती दगड, विटा आणि चुन्याच्या, तर नंतर वाढवलेल्या खोल्या सिमेंटच्या. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. चुन्याची भिंत ओल घेते आणि हळूहळू हवेत सोडते. तिच्या भेगेत कडक सिमेंट ठासले तर सिमेंट तसेच राहते व शेजारचा जुना चुना सुटतो. म्हणून चुन्याच्या भिंतीस चुना व बारीक वाळूच भरावी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे की चुना नुसता वाळत नाही. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच बनतो. याला वेळ लागतो, घाई चालत नाही.

सिमेंटच्या भिंतीत खिळ्यांची भोके जास्त. (ती कोणी केली, हे इयत्ता आठवीला ठाऊक आहे.) आधी सुटा रंग व माती खरवडून काढावी. केसासारखी बारीक भेगही पत्तीने थोडी रुंद करावी लागते, नाहीतर पुट्टी आत न जाता वरच बसते. मग ब्रशने धूळ झाडून जागा पाण्याने ओलसर करावी. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते. कोरडी भिंत ते पाणी शोषून घेते आणि पुट्टीची भुकटी उरते. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवावी. घट्ट होऊ लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालणारा कारागीर दिसल्यास त्याला थांबवावे.

पुट्टी पातळ थरासाठी असते, साधारण दीड मिलिमीटरपर्यंत. अंगठ्याएवढे भोक तिनेच भरले तर ती आकसते व मधोमध खड्डा पडतो. तेथे आधी वाळू-सिमेंट भरावे, वाळू द्यावे, मगच पुट्टी. प्लास्टर ऑफ पॅरिस लवकर बसते म्हणून कारागिरांचे लाडके आहे, पण ओल असलेल्या जागी ते मऊ पडते. पुट्टी वाळल्यावर रेगमाल आणि त्यावर प्रायमर. प्रायमर वाचवला तर भरलेली जागा रंग जास्त पिते व डाग उठून दिसतो.

आता महत्त्वाचे. प्रत्येक भेग भरण्याची नसते. माझ्याच घरी एका खोलीतील भेग मी तीन वर्षे दिवाळीपूर्वी भरवली आणि तिन्ही वेळा ती पुन्हा आली. चौथ्या वर्षी कळले की छताचे पाणी नेणारा पाइप भिंतीच्या आत गळत होता. पुट्टीचे पैसे गेले ते गेलेच, भिंतही पोकळ झाली. दगडी पटियांचे छत जेथे भिंतीला टेकते तेथील भेग दर ऋतूत हलते. ती कायमची भरत नाही, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. मात्र दाराच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा रुंद होत जाणारी भेग आधी अभियंत्याला दाखवावी. तोवर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी. भेग रेघेपुढे गेली तर ती अजून वाढते आहे.

दुसरी गोष्ट शिशाची. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावे, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसे असू शकते, आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. ओला करून घासायचा आणि नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसायची. श्रमदानात विद्यार्थ्यांना हे काम दिले जाणार नाही. पालकांनी घरीही मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

शाळा मे महिन्यात रंगवाव्यात, असा रिवाज आहे, कारण सुटी असते. पण ग्वाल्हेरच्या लूमध्ये पुट्टी भिंतीवर पसरताच सुकते व तडकते. विश्वस्तांना माझी विनंती आहे की यंदा हे काम दसरा ते दिवाळी दरम्यान, एकेक वर्ग रिकामा करून घ्यावे. थोडी गैरसोय होईल.

तोपर्यंत पाचवीच्या वर्गात खिडकीखालच्या भेगेवर मी पेन्सिलीची रेघ व तारीख घातली आहे. ती कोणी पुसू नये.