वऱ्हाडचा भूशास्त्रीय नकाशा

भूशास्त्रीय नकाशात गावे आणि रस्ते दुय्यम. कोणत्या जागी कोणता खडक आहे आणि तो किती जुना आहे, हे त्यातले रंग सांगतात. देशभर असे नकाशे करण्याचे काम १८५१ साली स्थापन झालेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते. १:५०,००० प्रमाणात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातला एक किलोमीटर.

अमरावती-अकोल्याच्या नकाशावर ठसठशीत दिसतात ते दोनच रंग. एक काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. मेळघाटचे डोंगर त्याचेच. दुसरा पूर्णा नदीच्या गाळाचा. हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे, आणि खाऱ्या भूजलाचा खारपाणपट्टा याच भागात येतो. दर्यापूरकडच्या विहिरीचे पाणी खारे का, याचा निम्मा उलगडा इथेच होतो.

जीवाश्मांच्या दृष्टीने मात्र नकाशाची उत्तर कड महत्त्वाची. मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या सालबर्डीजवळ भूभ्रंशामुळे लाव्हाखालचे जुने खडक उघडे पडले आहेत: खाली गोंडवन काळाचा वालुकाश्म, त्यावर लॅमेटा नावाचे गाळाचे थर. या लॅमेटात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडली. तप्त लाव्हाच्या थरात हाड टिकणे कठीण. त्यामुळे जीवाश्म शोधायचे ते लाव्हाच्या खाली, किंवा दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळात. अशा मधल्या थरांत गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष मिळतात. नकाशावर हे थर बारीक रेघेएवढेच दिसतात.