चादरीला जीआय, चेहऱ्याला काय?

आठवतंय ना, सप्टेंबर 2025? नवरात्राच्या तोंडावर जिच्या-तिच्या स्टोरीत तीच शिफॉनची साडी, तोच तिरपा सोनेरी उजेड, केसात तेच फूल. आपला फोटो द्यायचा, चार ओळी चिकटवायच्या, की जेमिनी आपल्याला जुन्या हिंदी सिनेमातली नायिका करून देणार. मीही केला. आईला दाखवला, तर म्हणाली, ‘छान दिसतेस गं. पण असली साडी आपल्याकडं कुठाय?’ मग थोडं थांबून, ‘आणि तुझा खरा फोटो आता कुणाकडं गेला?’

मास कॉमची पोरगी मी. दुसऱ्यांना प्रश्न विचारायचं शिकतेय. आईच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते शोधायला लागले, तेव्हा आधी आपली चादरच आठवली.

सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. 1999 च्या कायद्यानं ‘सोलापूर चादर’ हे नाव राखलंय. दुसरीकडं विणलेल्या चादरीवर ते नाव छापून विकणं बेकायदा. नक्कल होतेच, चाटी गल्लीत कुणालाही विचारा. पण निदान भांडायला हातात कागद आहे. मग चादरीच्या नावाला जे कवच आहे, ते तुमच्या चेहऱ्याला, आवाजाला आहे का?

मोठ्या माणसांना मिळायला लागलंय. 2024 च्या जुलैमध्ये गायक अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेला. कुणाचाही आवाज त्याच्या आवाजात बदलून देणारी एआय टूल्स सर्रास चालू होती. कोर्टानं त्याच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. पुढच्याच वर्षी आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले, वयाच्या 92 व्या वर्षी, याच कारणासाठी त्याच कोर्टात गेल्या. परवानगी न घेता एखाद्या नामवंताचा आवाज असा बनवून देणं हा त्याच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग आहे, असं कोर्टानं म्हटलं. गंमत अशी, की व्यक्तिमत्त्व हक्क नावाचा वेगळा कायदा आपल्याकडं नाहीच. न्यायालयांनी तो निकालानिकालांतून विणत आणलाय.

पण आशाताईंच्या आवाजाला बाजारात किंमत आहे, वकील आहेत. सोलापुरात हॉस्टेलवर राहून बीकॉम करणाऱ्या पोरीचा चेहरा कुणी भलत्याच फोटोवर बसवला तर?

कायदा अगदीच नाही असं नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. आयटी कायद्यात दुसऱ्याची ओळख वापरण्यासाठी 66सी आहे, तोतयेगिरी करून फसवण्यासाठी 66डी आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा. 2021 च्या आयटी नियमांत मॉर्फ केलेल्या फोटोंचा थेट उल्लेख आहे. ज्याचा फोटो, त्यानं तक्रार केली की प्लॅटफॉर्मनं तो 24 तासांत हटवायचा, अशी मुदत त्यात घातली गेली. अडचण वेगाची आहे. तक्रारीचा फॉर्म भरेपर्यंत फोटो पाच ग्रुपमध्ये फिरून आलेला असतो.

आता 2023 चा डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमती घेतल्याशिवाय माहिती वापरायची नाही. दिलेली संमती तुम्ही मागे घेऊ शकता, माहिती पुसायला लावू शकता. कंपनीला दंड 250 कोटींपर्यंत. वाचून बरं वाटलं ना? मलाही वाटलं. मग कलम 3 वाचलं. तुम्ही स्वतःहून जी माहिती सर्वांसाठी खुली केली, तिला हा कायदा लागूच नाही! म्हणजे पब्लिक अकाउंटवर टाकलेला फोटो या कायद्याच्या कवचाबाहेर. आईचा प्रश्न इथं येऊन टोचतो.

हे झालं चेहऱ्याचं. कामाचं काय?

इंटर्नशिपच्या सुरुवातीला मला एका कायदेशीर विषयावर लिहायचं होतं. वेळ कमी होता, चॅटबॉटला निकाल विचारले. त्यानं पक्षकारांच्या नावासकट, सालासकट एक झकास निकाल दिला. डेस्कवरच्या सरांनी एवढंच विचारलं, ‘वाचलास का हा?’ शोधायला गेले, तर असा निकालच नव्हता. बातमी छापून आली असती तर नाव माझं गेलं असतं, चॅटबॉटचं नाही.

ही चूक फक्त इंटर्नच करतात असं समजू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयच्या युगात यंत्रानं दिलेल्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नका, आधी तपासा, असं कोर्टानं सुनावलं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनाही असेच बनावट निकाल कोर्टात दिल्याबद्दल पाच हजार डॉलर दंड झाला होता. यंत्राला ना सनद असते, ना नोकरी. दंड सही करणाऱ्यालाच.

म्हणून एआय वापरायचंच नाही? तसं मी म्हणणार नाही. आपल्या गावाला ते शोभणारही नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर उठते, ते यंत्र 1804 सालचं. पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं कुठला धागा उचलायचा ते सांगायची. कॉम्प्युटरची पंचकार्डं याच कल्पनेतून आली. नवं यंत्र अंगावर घेणं आपल्याला नवं नाही. पण नक्षी कुणाची आणि चूक झाली तर जबाबदार कोण, हे माणसालाच ठरवावं लागतं.

तेवढ्यासाठी आज तीन गोष्टी करा. अकाउंट प्रायव्हेट करा. कुठल्याही ॲपला फोटो देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन तो ट्रेनिंगला वापरला जातो का ते बघा, बंद करता येत असेल तर करा. आणि असं काही तुमच्यासोबत किंवा मैत्रिणीसोबत घडलंच, तर घाबरून पोस्ट डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930. मैत्रीण सांगायला आली, तर ‘तू फोटो टाकलासच कशाला?’ हे तेवढं विचारू नका. त्या एका वाक्यानं कितीतरी तक्रारी घरातच मरतात.

माझा साडीतला फोटो मी काढून टाकलाय. मूळ फोटो कुठं आहे, हे आईला अजून सांगता आलेलं नाही.