कातर रे भाजी!

लिस्बनच्या राजप्रार्थनागृहात एका तरुण गोमंतकीय पाद्र्याला पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन द्यायचे होते. तो व्यासपीठावर चढला, समोरचा दरबारी थाट पाहिला आणि त्याची वाचाच बसली. घसा कोरडा, तोंडातून शब्द फुटेना. व्यासपीठाखाली उभ्या असलेल्या वडिलांनी ते ओळखले आणि हलक्या आवाजात कोकणीतून म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ मुलगा सावरला आणि अस्खलित बोलत राहिला. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी ही आख्यायिका आबे फारियाची आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर कामाच्या ठिकाणी आलेला ताण एका नेमक्या सूचनेने कसा उतरला, त्याची ही गोष्ट.

आबे फारिया म्हणजे जुझे कुस्तोदियो दे फारिया. जन्म 1756 चा, बार्देशातल्या कांदोळीचा. 1771 मध्ये तो वडिलांबरोबर पोर्तुगालला गेला, रोममध्ये धर्मशास्त्र शिकला आणि पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाला. पॅरिसमध्ये 1813 साली त्याने संमोहनाचे जाहीर वर्ग सुरू केले. त्या काळी या विषयावर फ्रान्झ मेस्मरच्या मतांचा पगडा होता. माणसांच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो आणि उपचार करणारा तो वळवतो, असे मेस्मर सांगे. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने हा दावा फेटाळला. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए त्या समितीत होते. असा कोणताही प्रवाह नाही, जे घडते ते कल्पनाशक्तीमुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिथे विषय मिटल्यासारखा झाला.

फारियाने तो तिथूनच पुढे नेला. प्रवाह नाही हे त्याला मान्यच होते. पण कल्पनाशक्तीने घडते म्हणून ते खोटे ठरत नाही, हे त्याने पाहिले. समोरच्याला तो खुर्चीत बसवी, डोळे मिटून झोपेवर मन एकाग्र करायला सांगे आणि मग ठाम आवाजात झोपेची आज्ञा देई. काही जणांवर परिणाम होई, काहींवर मुळीच होत नसे. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष आजही टिकून आहे: सामर्थ्य संमोहन करणाऱ्यात नसते, ते संमोहित होणाऱ्याच्या मनात असते. पॅरिसने त्याची कदर केली नाही. रंगभूमीवर त्याची टवाळी झाली आणि 1819 मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याचे या विषयावरचे पुस्तक निघाले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा जो पुतळा आहे तो शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आणि 1945 साली तो बसवला गेला. हात पसरून उभा असलेला फारिया आणि त्याच्यासमोर मागे झुकलेली स्त्री पाहून अनेक पर्यटक त्याला जादूगार समजतात. जादूचा दावा खोडून काढणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, याचे वाईट वाटते.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. 1840 च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यविशारदाने संमोहनाला वैद्यकीय चौकट दिली. त्याच दशकात, भुलीची औषधे येण्याआधी, बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या डॉक्टरने रुग्णांना संमोहित करून शेकडो शस्त्रक्रिया केल्या. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1955 मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1958 मध्ये संमोहनाच्या वैद्यकीय वापराला मान्यता दिली.

नोकरीतल्या ताणाशी या सगळ्याचा संबंध काय? वरिष्ठांचा फोन आला की छातीत धडधडते, महिनाअखेरच्या उद्दिष्टाचा आकडा आठवला की पोटात गोळा येतो, रविवारी संध्याकाळपासूनच सोमवार डोक्यावर बसतो. प्रत्यक्ष संकट समोर नसतानाही शरीर संकट आल्यासारखे वागते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, स्नायू आवळतात, श्वास उथळ होतो. फोनची घंटा आणि धडधड यांची गाठ मनात इतकी पक्की बसलेली असते की ‘शांत राहा’ असे स्वतःला बजावून ती सुटत नाही. संमोहनोपचार हात घालतो तो या गाठीलाच.

उपचाराची बैठक साधारण पाऊण ते एक तासाची. आधी बराच वेळ बोलण्यात जातो: त्रास नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो, शरीरात कुठे जाणवतो, झोप कशी आहे. मग श्वासावर किंवा एखाद्या बिंदूवर लक्ष स्थिर करायला लावून शरीर टप्प्याटप्प्याने सैल केले जाते. ही झोप नव्हे. माणसाला आवाज ऐकू येत असतात, नको असेल तिथे तो उठू शकतो, आणि मनाविरुद्ध त्याच्याकडून गुपिते काढून घेता येत नाहीत. बाकीचे विचार मागे सरलेले आणि एकाच गोष्टीवर लक्ष खिळलेले, अशी ती अवस्था. कादंबरीत बुडालेल्या वाचकाला दारावरची थाप ऐकू येत नाही, तसेच काहीसे. या अवस्थेत तज्ज्ञ त्या त्रासदायक प्रसंगाचे चित्र मनात उभे करायला सांगतो आणि त्याला नवी प्रतिक्रिया जोडतो: घंटा वाजली की आधी एक दीर्घ श्वास, खांदे खाली, मग फोन. अंगठा आणि तर्जनी जुळवण्यासारखी एखादी खूणही दिली जाते. चांगला तज्ज्ञ हे सारे रुग्णाला स्वतःचे स्वतः करायला शिकवतो. जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्स यांनी 1932 मध्ये मांडलेली पद्धत अशाच स्वसंमोहनाची आहे. हात जड होतोय, ऊब जाणवतेय, अशा ठरावीक सूचना माणूस स्वतःलाच देतो.

मेंदूत काय घडते, याचेही काही धागे हाती आले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड स्पीगल यांच्या गटाने 2016 मध्ये 57 जणांच्या मेंदूची संमोहनाच्या अवस्थेत तपासणी केली. सहज संमोहित होणाऱ्यांमध्ये काळजीच्या वेळी सतर्क होणाऱ्या एका भागाची हालचाल मंदावलेली दिसली. माणसामाणसांत फरक मात्र मोठा असतो. दहा-पंधरा टक्के लोक फार सहज संमोहित होतात, जवळपास तेवढेच जवळजवळ होतच नाहीत, बाकीचे मध्ये कुठेतरी. फारियाने हाच फरक डोळ्यांनी टिपला होता.

उपयोग किती होतो? सर्वात भक्कम पुरावा आतड्याच्या, ताणाने बळावणाऱ्या एका विकाराचा आहे, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी 1984 मध्ये त्यावर संमोहनाचा गुण दाखवून दिला आणि औषधांनी वर्षभर बरे न वाटणाऱ्या रुग्णांसाठी ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत आज या उपचाराचा समावेश आहे. कामाच्या ताणाबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. बर्लिनच्या संशोधकांनी 2017 मध्ये ताणावरच्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत एकूण 365 जण होते. नऊपैकी सहांमध्ये फायदा दिसला, पण चाचण्या लहान आणि सदोष होत्या, म्हणून संशोधकांनी निश्चित निर्वाळा दिला नाही. ‘तीन बैठकांत ताण गायब’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

एका प्रकारच्या ताणाबाबत मात्र आशेला जागा आहे, तो म्हणजे लोकांसमोर काम करून दाखवण्याचा. एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात असलेल्या तिरुवैयारू गावी, कावेरीकाठी, संत-संगीतकार त्यागराजांची समाधी आहे. तिथे दरवर्षी आराधना उत्सव होतो. देशभरचे गायक-वादक येतात आणि एकेकाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. समोर जाणकार बसलेले. वर्षानुवर्षांचा रियाज त्या मोजक्या मिनिटांत उतरवायचा, हे ज्याचे काम आहे त्याच्या हाताला सुटणारा घाम आणि लिस्बनमधल्या त्या पाद्र्याचा सुकलेला घसा एकाच जातीचे. ऑस्ट्रेलियात हॅरी स्टँटन यांनी संगीताच्या विद्यार्थ्यांवर संमोहनाचा प्रयोग केला आणि निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध केले. आठवड्याच्या अंतराने पन्नास मिनिटांच्या दोनच बैठका झाल्या. विद्यार्थ्यांची मंचभीती कमी झाली आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. विद्यार्थी थोडे होते, तरी दिशा कळते. सादरीकरण, मुलाखत, ग्राहकांसमोरची बैठक, अशा नेमक्या प्रसंगांच्या भीतीवर संमोहन वापरून पाहण्यासारखे आहे.

पण भीती मनात असते तसा ताण कचेरीतही असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले. हीच संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. माणसे कमी, काम दुप्पट आणि वरून अपमान असेल तर कर्मचाऱ्याला डोळे मिटून शांत व्हायला शिकवणे हा अन्याय आहे. कंपनीने आधी तास, माणसे आणि वरिष्ठांची वागणूक सुधारावी. संमोहनाचे शिबिर त्यानंतर.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2003 मध्ये संमोहनोपचाराला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता दिली, पण ती प्रशिक्षित व्यक्तींनीच वापरावी या अटीवर. शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्र मिळवलेले बरेच जण आज दुकान थाटून बसले आहेत. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञाला किंवा नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्यानेच संमोहनाचा विचार करावा. ज्यांना भास होतात किंवा ज्यांना तीव्र मनोविकार आहे त्यांच्यावर हा प्रयोग परस्पर करू नये. चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. पहिले पाऊल कुठे टाकायचे हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.