कुलाब्याची वेधशाळा आणि मुंबईची वाहतूक

वाहतूक हा अभियंत्यांचा विषय, ताऱ्यांचे गणित हा ज्योतिर्विदांचा आणि शिक्षण हा शाळामास्तरांचा, अशी विद्यांची वाटणी आपण आज सहज करून टाकतो. विद्यापीठात या विषयांच्या इमारती वेगळ्या असतात, ग्रंथालयात त्यांची कपाटे वेगळी असतात. पण मुंबई शहराचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की हे तिन्ही विषय या शहरात एका छपराखाली वाढले. ते छप्पर म्हणजे कुलाब्याची वेधशाळा. तिथे संशोधन कसे चालले, शहराच्या वाहतुकीने त्या संशोधनाला जन्म कसा दिला आणि पुढे त्याच वाहतुकीने त्याच्यावर संकट कसे आणले, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्यास ही वेधशाळा बांधली ती केवळ ज्ञानाच्या हौसेने नव्हे. कंपनी व्यापारी होती आणि तिला जहाजांची काळजी होती. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम दिशेने नेमके कोठे आहोत हे खलाशाला कळण्यास एक खात्रीचे साधन होते, ते म्हणजे घड्याळ. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. सूर्य किंवा तारा पाहून खलाशी आपल्या ठिकाणची वेळ काढतो, आणि ज्या बंदरातून निघालो तेथील वेळ जहाजावरचे घड्याळ सांगते. दोहोंतील फरक म्हणजे रेखांश. परंतु हे घड्याळ चार सेकंद चुकले, तर मुंबईच्या अक्षांशावर जहाजाचे स्थान सुमारे पावणेदोन किलोमीटरने चुकते. रात्रीच्या वेळी खडकाळ किनाऱ्याजवळ तेवढी चूक जहाज फुटावयास पुरेशी होय.

म्हणून बंदर सोडण्यापूर्वी घड्याळ लावून घेणे आवश्यक असे. पण खरी वेळ कोणाकडे? ती ताऱ्यांकडे. वेधशाळेतील एक दुर्बीण नेमक्या दक्षिणोत्तर रेषेतच हलेल अशी पक्की बसविलेली असे. ज्या ताऱ्याचे स्थान आधीच ठाऊक आहे तो त्या रेषेवरून जाताना निरीक्षक क्षण टिपी आणि त्यावरून वेधशाळेचे घड्याळ किती पुढे वा मागे आहे ते काढी. मग बंदरातील जहाजांना दिसेल असा एक मोठा गोळा उंच काठीवर चढवून ठरलेल्या क्षणी खाली सोडीत. गोळा पडला की प्रत्येक जहाजावरचा अधिकारी आपले घड्याळ तपासून घेई.

पण दुर्बिणीला माणूस लागतो, आणि माणूस तयार करावा लागतो. येथे शिक्षणाचा संबंध आला. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी १८४१ साली कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची निरीक्षणे सुरू केली. त्याच संस्थेत अध्यापन करणारे, १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनीही वेधशाळेचे काम पाहिले. ज्या बाळशास्त्र्यांना आपण मराठी वृत्तपत्रांचे जनक म्हणून दरवर्षी हार घालतो, ते गणित आणि ज्योतिष यांचेही अधिकारी होते, हे आपण सहसा विसरतो. १८४० साली त्यांनी काढलेल्या 'दिग्दर्शन' मासिकात शास्त्रीय विषय मराठीत येऊ लागले.

ऑर्लेबारांच्या हाताखाली आणखी एक तरुण कामाला लागला, तो केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागाव गावचा हा मुलगा कुलाब्यास उपकरणे वाचावयास शिकला आणि पुढे पुण्यास गणिताचा विख्यात प्राध्यापक झाला. १८६० साली त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध झाली. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसत नाही, तेव्हा पंचांग दुरुस्त केले पाहिजे, असे केरूनाना म्हणू शकले. याचे कारण उघड आहे. ज्याने रात्रीमागून रात्री स्वतः आकडे टिपले आहेत त्याला पोथी आणि प्रत्यक्ष यांत कोणाचे ऐकावे हा प्रश्न पडत नाही. कुलाब्याने मराठी मुलुखाला दिलेले पहिले शिक्षण हेच, असे आम्हांस वाटते.

हे काम दिसावयास नीरस होते. बारीक धाग्याने टांगलेले एक चुंबक. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे बळ कमीजास्त झाले की ते किंचित हले. ते किती हलले हे दर तासाला वाचून वहीत लिहावयाचे. दिवसाला चोवीस, वर्षाला ८७६० नोंदी. चुंबक अस्वस्थ दिसले तर तासाची वाट न पाहता पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी वाचावयाचे. १८७२ च्या सुमारास छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप रेघ उमटविण्याची सोय झाली. तोवर सारा भार माणसाच्या डोळ्यावर होता.

या वहीचा उपयोग काय, असे त्या काळी कोणी विचारले असते तर पटेल असे उत्तर देणे कठीण गेले असते. उत्तर मिळावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांपाशी अकस्मात एक लख्ख प्रकाश चमकलेला दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. त्या वेळी मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती आणि कुलाब्यातील निरीक्षक नेहमीप्रमाणे वहीत आकडे लिहीत होता. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातील त्या वादळाची ही फार मोलाची नोंद ठरली. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी त्याच आकड्यांवरून वादळाचा जोर काढला. कुलाब्यास चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आले होते, म्हणजे तेथील नित्याच्या आडव्या बळाच्या चार टक्क्यांहून अधिक. आज असे वादळ आले तर उपग्रह, वीजवाहिन्या आणि उपग्रहांवरून मार्ग शोधणारी जहाजे व विमाने यांचे काय होईल, याचा अंदाज बांधताना जगभरचे शास्त्रज्ञ या नोंदीकडे वळतात. ताऱ्याचा आधार सोडून खलाशाने उपग्रहाचा आधार घेतला, तरी कुलाब्याची वही त्याच्या उपयोगी पडावयाची राहिली नाही.

आता रुळांकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. या उद्योगामागे खटपट करणाऱ्यांत गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट होते. मुंबईतील शिक्षणसंस्था उभ्या करणाऱ्यांतही तेच अग्रभागी होते. आगगाडीने वेळेचा एक नवाच प्रश्न उभा केला. प्रत्येक गावाची वेळ त्याच्या रेखांशाप्रमाणे वेगळी. बैलगाडीला याची बाधा नव्हती, वेळापत्रकाला मात्र होती. म्हणून रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ देशभर धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे तीस मिनिटे पुढे. परिणामी शहराचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि स्टेशनचे दुसरी. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजास मद्रास वेळ लागू केली. लोकांनी विरोध केला आणि १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानसाठी ८२½ अंश रेखांशाची प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. हा आकडा लहान वाटतो. पण परळ-लालबागच्या चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या बाजूने पाहा. भोंगा सहाला व्हायचा आणि घड्याळ ३९ मिनिटे पुढे ढकलले, तर त्याला सूर्याच्या हिशोबाने पाच वाजून एकवीस मिनिटांनीच गिरणीच्या दारात उभे राहावे लागणार. त्या जानेवारीत काही हजार कामगारांनी या वेळेविरुद्ध काम बंद केले, ते ज्योतिषाच्या अज्ञानामुळे नव्हे. त्यांच्या झोपेतून ती ३९ मिनिटे वजा होत होती. मुंबईच्या महापालिकेनेही आपली जुनी वेळ सोडली नाही; ती पुढे अनेक वर्षे चालली. दोन्ही वेळा गणिताने बरोबर होत्या. मुंबईत सूर्य माथ्यावर केव्हा येतो हे वेधशाळा सांगू शकते. सबंध देशाने कोणत्या घड्याळाने जगावे, हे ती सांगू शकत नाही. तो निर्णय लोकांचा. शास्त्र कोठे संपते आणि समाजाचा प्रश्न कोठे सुरू होतो, ही रेषा या वादाइतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

याच सुमारास वेधशाळेपुढे खुद्द तिच्या अस्तित्वाचा प्रश्न आला. मुंबईत ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. त्या विजेवर चालवावयाच्या, असे ठरले. विजेची ट्राम डोक्यावरच्या तारेतून प्रवाह घेते आणि तो रुळांतून परत जातो. पण सगळाच रुळांतून जात नाही, काही जमिनीत झिरपतो. जेथे वीज वाहते तेथे चुंबकत्व उत्पन्न होते, हे शाळेतला मुलगाही जाणतो. ट्रामच्या वाहत्या प्रवाहाने कुलाब्यातील नाजूक चुंबके सतत थरथरली असती आणि वहीत पृथ्वीची नोंद न होता ट्रामच्या फेऱ्यांची नोंद झाली असती.

तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, त्या पदावरील पहिले भारतीय आणि पूर्वीचे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक. शहराने ट्राम थांबवावी असे म्हणणे शक्य नव्हते, आणि योग्यही नव्हते. पायी कामावर जाणाऱ्या हजारो माणसांचा तो प्रश्न होता. वेधशाळा बंद करावी हेही योग्य नव्हते. म्हणून मुंबईच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यात आली. चुंबकाला बाधू नये म्हणून तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंड टाळले.

मूस यांच्या कामाचे खरे मोल पुढेच आहे. १९०४ साली अलिबागचे काम सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. हे कशासाठी? लालबागच्या बाजारातील दुकानदाराचे उदाहरण घ्या. जुना काटा टाकून नवा आणताना शहाणा दुकानदार काही दिवस तोच माल दोन्हींवर तोलतो. दोहोंत काय फरक पडतो हे कळले, म्हणजे जुना हिशोब नव्याला जोडता येतो. तसे न करता काटा बदलला तर उद्याचे वजन वाढले ते मालामुळे की काट्यामुळे, हे कधीच कळत नाही. या दोन वर्षांमुळे कुलाब्याची परंपरा अलिबागेत खंड न पडता चालू राहिली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली तेव्हा वेधशाळेचे सामान सुखरूप पलीकडे पोचलेले होते. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या निरीक्षणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी करून मुंबईतून गेली. अलिबागचे काम तिच्यानंतरही थांबले नाही. केरूनानांच्या गावाच्या शेजारीच ते चालावे, हा योगायोग मनाला बरा वाटतो.

या साऱ्यातून आजच्या शहराने काय घ्यावे? आम्हांस एकच गोष्ट सांगावीशी वाटते. विकास आणि संशोधन यांत वैर असलेच पाहिजे असे नाही. पण मेळ आपोआपही बसत नाही. त्यासाठी रूळ पडण्यापूर्वी विचार करावा लागतो, पैसा वेगळा काढावा लागतो आणि दोन वर्षे दुहेरी काम करण्याची तयारी लागते. मुंबईत आज नवे मार्ग, नवे पूल, नव्या गाड्या होत आहेत. एखादे जुने पर्जन्यमापक, एखादी भरतीची नोंद, एखाद्या शाळेतील हवामानाची वही त्यांच्या आड येईल तेव्हा ती हलवावी, परंतु तुटू देऊ नये. इमारत पुन्हा बांधता येते. गेलेल्या दिवसाची नोंद कोणत्याही किमतीस पुन्हा घेता येत नाही.

आणि नोंद घेणारा हात शाळेतूनच येतो. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले ते नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत. ज्या शंकरशेटांनी शाळा आणि आगगाडी या दोहोंसाठी श्रम केले, त्यांच्या नावाच्या चौकात विज्ञान कसे शिकवावे याचे संशोधन सुरू झाले. महापालिकेच्या शाळेतील मूल विज्ञानात मागे पडते ते बुद्धीमुळे की पुस्तकातील अवघड भाषेमुळे, हा प्रश्न तेथे गंभीरपणे हाती घेतला गेला. बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शना'त जे आरंभिले त्याचेच हे पुढचे पाऊल होय. त्याच केंद्राच्या यजमानपदाखाली २०२५ साली खगोलशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत भरले आणि देशोदेशीची मुले येथे आकाशाची गणिते सोडवून गेली.

आपल्या पाल्याने अशा स्पर्धेत पदक मिळवावे ही इच्छा चांगलीच आहे. परंतु प्रत्येकाला पदक मिळत नाही, वही मात्र प्रत्येकाला मिळू शकते. चाळीच्या गच्चीवर एक साधी काठी उभी करून तिची मध्यान्हीची सावली वर्षभर टिपणारा मुलगा किंवा मुलगी मुंबईची खरी वेळ स्वतः काढू शकेल, आणि मनगटावरच्या घड्याळापेक्षा सूर्य सरासरीने ३९ मिनिटे मागे का चालतो याचे उत्तर तिला कोणी सांगावे लागणार नाही. सरासरी म्हणण्याचे कारणही त्या वहीतच सापडेल. कारण हा फरक वर्षभर सारखा राहत नाही, काही महिन्यांत तो वाढतो आणि काही महिन्यांत घटतो. तो का बदलतो, असे मुलाने विचारले म्हणजे कुलाब्याचे काम पुढे चालू झाले असे समजावे.